जाळ्यानंतरचं पाणी

वरोऱ्याला आमच्या घराच्या फाटकापासून गिरजाबाईंच्या चुलीपर्यंत एकशे अठ्ठ्याहत्तर किलोमीटर होतात. हा आकडा मी गाडीच्या मीटरवरून दोनदा घेतला, जाताना आणि येताना. येताना अर्धा किलोमीटर जास्त भरला, कारण आष्टीला चहासाठी गाडी वळवली होती. वजनमापे खात्यात मी सत्तावीस वर्षं नोकरी करतो आहे. कोणाचा काटा किती ग्रॅमने खोटा बोलतो हे पाहणं हाच माझा धंदा, त्यामुळे कुठेही गेलो की आधी आकडे लिहितो. आमची ही म्हणते, तुम्हाला ताजमहालला नेलं तरी तुम्ही पायऱ्या मोजाल. मोजीन.

या जानेवारीत मी आणि माझी मुलगी प्रज्ञा आलापल्लीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून चौदा किलोमीटर आत, ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, एका गावी जाऊन आलो. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, वाघ दिसला का? वाघ दिसला नाही. जे दिसलं ते लिहून ठेवतो.

आधी कशासाठी गेलो ते सांगायला हवं.

प्रज्ञा नागपूरच्या एका प्रयोगशाळेत सुजेवर संशोधन करते. पीएच.डी.चं चौथं वर्ष आहे. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी, आणि माझ्या पुढे गेलेली पहिली ती. तिचं काम मला समजावं म्हणून एका सुट्टीत तिने ओसरीवर बसून सांगितलं होतं.

"बाबा, पूर्वी गावात कोतवाल दवंडी द्यायचा ना? तसं आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक प्रथिन असतं. जंतू शिरला की ते दवंडी देते. मग सगळे काठ्या घेऊन धावतात. ती धावपळ म्हणजे सूज. चोर पळाला की दवंडी थांबली पाहिजे. काही लोकांच्या अंगात ती थांबतच नाई. मग सांधे सुजतात, आतडी सुजतात. लोक आपल्याच घरावर काठ्या चालवतात."

"मग तू काय करून राह्यली?"

"त्या कोतवालाचा हात धरणारं रसायन शोधून राह्यली. पण फक्त त्याचाच हात. सगळ्या गावाचे हात बांधले, तर खरा चोर आला तेव्हा कोण धावणार?"

म्हणून ती प्रत्येक रसायन दोन प्रथिनांवर तपासते. एक हा कोतवाल, आणि दुसरं त्याच्याशी काहीही संबंध नसलेलं, शेजारी म्हणू. कोतवाल थांबला पाहिजे आणि शेजारी आपलं काम करत राहिला पाहिजे. दोघंही थांबले तर ते रसायन कामाचं नाही. ही पद्धत मला फार आवडली. आम्हीही काटा तपासताना एका वजनावर विश्वास ठेवत नाही.

मागच्या वर्षी आलापल्लीला एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी लग्न होतं. प्रज्ञा म्हणाली, तिकडे लोक सुजेवर काय लावतात ते बघून या, जमलं तर नमुना आणा. मला गिरजाबाई आठवल्या. माझी त्या भागात तीन वर्षं बदली होती, तेव्हा त्या आठवडी बाजारात मासे विकत. निरीक्षक आला की बाकीचे काटे पोत्याखाली जायचे. या एकट्या बाई हाक मारायच्या, "साहेब, माहा काटा आधी पाहा!" वर्षानुवर्षं थंड पाण्यात काम करून त्यांच्या बोटांचे सांधे सुजायचे, आणि त्या येनाच्या सालीच्या काढ्यात हात बुडवून बसायच्या. येन म्हणजे तुमच्याकडे ज्याला ऐन म्हणतात तो. साल काळपट आणि तडे गेलेली, मे महिन्यातल्या आमच्या काळ्या शेतासारखी.

तो काढा मी त्यांच्या गावी जाऊन बाटलीत भरून आणला. आकडे बाईंना विचारून घेतले आणि बाटलीवर पाच ओळींचं लेबल लावलं: ठिकाण व तारीख; येनाची साल २५० ग्रॅम; पाणी ३ लिटर; उकळी ४० मिनिटं; करणाऱ्या गिरजाबाई. प्रज्ञाच्या मार्गदर्शक मॅडमनी ते लेबल पाहून विचारलं म्हणे, "हे कोणी लिहिलं? आमच्या मुलांना दाखवलं पाहिजे." हे मी तेव्हा वरोऱ्यात बऱ्याच लोकांना सांगितलं. खोटं कशाला बोलू.

त्या बाटलीने कोतवाल थांबवला आणि शेजाऱ्याला हात लावला नाही. प्रज्ञाने फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज लहानपणी पहिला नंबर आल्यावर यायचा तसा आला होता. बाटली संपली. मग गिरजाबाईंचा मुलगा देवराव याने ग्रामसभेच्या परवानगीने पडलेल्या फांद्यांची साल पाठवली. प्रज्ञाने माझ्या लेबलाप्रमाणे काढा केला. तेवढीच साल, तेवढंच पाणी, तेवढाच वेळ. तीनदा केला. तीनही वेळा कोतवाल थांबला आणि शेजारीही थांबला.

याचं कारण तिला माहीत होतं. सालीत टॅनिन असतं. हिरडा चावल्यावर जिभेला जे ओढतं, ते. ते दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. "हे कोतवालाला रोखणारं रोधक नाई, बाबा, हा डिंक आहे," ती म्हणाली. मग पहिली बाटली वेगळी का वागली? कोणी विचारायच्या आधी ती स्वतःच मॅडमकडे गेली आणि म्हणाली की हे प्रकरण मी प्रबंधातून काढते. वर्षभराचं काम. मॅडम म्हणाल्या, जिथे बाटली भरली तिथे एकदा स्वतः जाऊन ये. तिथेही नाही जमलं तर फेब्रुवारीत काढून टाकू.

मी चार दिवसांची रजा टाकली.

वरोरा ते आलापल्ली

सकाळी साडेसहाला निघालो. धुकं इतकं होतं की मैलाचे दगड गाडी थांबवूनच वाचावे लागत होते. चंद्रपूरला नमुन्यांसाठी थर्माकोलच्या पेटीत दहा किलो बर्फ घेतला. बल्लारपूर मागे पडलं, पुढे गोंडपिपरी. तिथपर्यंत मला सगळं ओळखीचं वाटतं: कापूस, तूर, कोळशाचे ट्रक. त्यानंतर देश बदलतो. काळी माती संपते आणि धानाची कापलेली खाचरं, इकडच्या बांध्या, सुरू होतात. धुऱ्याच्या बांधावर पोपटाचे वेल, म्हणजे वालाच्या शेंगांचे. दर दोन-चार किलोमीटरवर एक तलाव किंवा बोडी म्हणजे छोटं तळं, आणि तलावात बगळ्यांच्या बरोबरीने गुडघाभर पाण्यात उभा एखादा माणूस. आमच्या वरोऱ्याकडे पाणी विहिरीत खाली पाहून शोधायचं. इथे ते डोळ्यांसमोर आडवं पसरलेलं.

आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. पुढे सागवान. आलापल्लीचा साग मी तीन वर्षं रोज पाहिला, तरी दर वेळी मान वर होतेच. जानेवारीत पानं वाळून खाली पडतात आणि चाकाखाली पापडासारखी मोडतात. प्रज्ञा खिडकीतून बघत होती पण बघत नव्हती. मांडीवर वही होती.

"आई म्हणे, तुले भूक लागत नाई आजकाल," मी म्हणालो.

"लागते ना."

"सकाळपासून अर्धी भाकर खाल्ली तू."

"ते बी मोजलं काय?"

मोजलं होतं.

नवं गंज

गिरजाबाई पासष्टीच्या आसपास असतील. बारीक अंग, आणि आवाज भर बाजारात वजन ओरडून सांगणाऱ्याचा. अंगणात गाडी शिरली तशा ओरडल्या, "काऊन जी साहेब, वाळून गेले पार! बाई जेवाले देत नाई काय घरी?" मग प्रज्ञाकडे पाहून, "हे पोरगी तुमची? डाक्टर होय म्हणे?"

"सुईवाली डाक्टर नाई, आजी," प्रज्ञा म्हणाली. "कागदवाली."

"बरं झालं. सुई मले नाई जमत."

आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. इथे आधी खाट अंगणात आणून उन्हात टाकतात, पाहुणा तिच्यावर बसला की मग पाणी. देवराव चाळिशीचा, तब्येतीने गोल, ग्रामसभेच्या समितीत आहे. त्याने हात जोडण्याआधी परवानगीचा कागद मागितला, उभ्याउभ्या पूर्ण वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मग म्हणाला, "राम राम, भाऊ. कागद बराबर हाय." मी म्हणालो, "जय भीम." असा माणूस मला लगेच आवडतो.

प्रज्ञाने बाईंना सांगितलं, "आजी, मागच्या वर्षी बाबांना दिलं तसंच पाणी मले करून द्या. अगदी तसंच."

"देतो ना. त्यात काय हाय?" बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. सुनेच्या पेटीतून स्टीलचं कोरं गंज, म्हणजे पातेलं, काढलं. राखेने घासलं, पाण्याने तीनदा विसळलं, वर पदराने पुसलं. मी साल माझ्या काट्यावर तोलली, अडीचशे ग्रॅम. पाणी मापाने तीन लिटर. उकळी फुटल्यावर घड्याळ लावलं, चाळीस मिनिटं. मागच्या वर्षीची वही मी सोबत आणली होती. एकेक ओळ बोट ठेवून जुळवली. पाण्याला कडक चहासारखा लाल रंग आला.

प्रज्ञाजवळ एक सोपी कसोटी होती. छोट्या नळीत काढा घ्यायचा आणि त्यात जिलेटिनच्या पाण्याचे थेंब टाकायचे. टॅनिन असेल तर दूध नासल्यासारख्या गाठी होतात. तिने पाच थेंब टाकले. नळीत दही झालं.

तिने नळी उन्हासमोर धरली, परत स्टँडमध्ये ठेवली आणि वहीत लिहिलं. "ठीक आहे," एवढंच म्हणाली. दहावीला गणितात दोन मार्क कमी पडले होते, तेव्हाही ती हेच दोन शब्द म्हणाली होती, आणि मग दोन दिवस कोणाशी बोलली नव्हती.

दुपारी जेवण चांगलं होतं. कण्यांचा भात, तलावातल्या मरळीचा लाल रस्सा, वर लाखोळीच्या पानांची भाजी. आमच्या घरी भात शेवटी येतो, तोंड धुवायला आल्यासारखा. इथे तो पहिला, मधला आणि शेवटचा. भाकर मागितली तर देवराव म्हणाला, "भाऊ, ते जनावराचं खाणं बाजाराच्या दिवशी भेटते." मी तीनदा भात घेतला. प्रज्ञाने एकदा घेतला.

हात धुताना ती म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी निघूया. इथी थांबून काय करायचं?"

"परवाचं ठरलं आहे. परवा जाऊ." मी तिची वही पाहिली. आकडे नीट होते, एकही खाडाखोड नव्हती. चुकलेला प्रयोगही तिने सरळ रेषेत लिहिला होता.

मागचं अंगण

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी दात घासत घराच्या मागे गेलो. तिथे दुसरी चूल होती. चुलीवर काजळीने काळंमिट्ट झालेलं, कडेला पोचा आलेलं जुनं गंज. वर बांबूच्या आडव्या दांडीवर एक नवं नायलॉनचं जाळं टांगलेलं होतं आणि त्यातून तांबूस पाणी ठिबकत होतं. गंजाजवळ पिढ्यावर गिरजाबाई बसल्या होत्या. दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात.

मी ब्रश तोंडातून काढला.

"बाई, हे कोणतं पाणी?"

"हे? हे आमचं. पांढरं जाळं पाण्यात चमकते, मासोळीले दिसते. मनून सालीच्या पाण्यात बुडवून रंगवतो. जाळं रंगलं का उरल्या पाण्यात हात टाकतो."

"आणि काल प्रज्ञाला दिलं ते?"

"ते सपा, नव्या गंजात केलं ना! कॉलेजात जाणार ते पाणी. मोठ्या लोकाइले का जाळ्याचं पाणी देऊ?"

"मागच्या वर्षी मला दिलं, ते?"

बाई थोड्या ओशाळल्या. "तवा तुमाले मोटार पकडाची होती, साहेब. नवं कराले वेळच नोहता. याच गंजातलं देलं. तुमी इथीच उभे होते ना."

मी तिथेच उभा होतो. त्यांनी जाळं माझ्यासमोर वर काढलं होतं, पिळलं होतं, आणि त्याखालचं पाणी मी स्वतः फडक्याने गाळून बाटलीत भरलं होतं. नंतर लेबल लिहायला बसलो तेव्हा सहावी ओळ माझ्या पेनाच्या टोकाशी आली होती. ती मी लिहिली नाही. विसरलो नव्हतो. मनात आलं होतं की ही बाटली मोठ्या प्रयोगशाळेत जाणार, तिथे लोक वाचतील की पोरीच्या बापाने मासे धरायच्या जाळ्यातलं पाणी पाठवलं. म्हणतील, घाण उचलून आणली. आपल्या लोकांना कोण काय म्हणेल याची सवय माझ्या हाडांत आहे, आणि माझ्या पोरीला ते ऐकावं लागू नये एवढंच मला दिसलं. मग पुढे जाळं मला आठवलंही नाही. ते मला मोजायची वस्तू वाटलंच नव्हतं.

सत्तावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की काट्याखाली चिकटलेला चिंचोकाही वजनात धरावा लागतो.

प्रज्ञा पुढच्या अंगणात बाटल्या पेटीत भरत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि जसं घडलं तसं सांगितलं. जाळं, लेबल, सहावी ओळ, आणि ती का लिहिली नाही तेही.

तिने हातातली बाटली खाली ठेवली. मला वाटलं आता रडेल किंवा रागवेल, आणि दोन्हीचा तिला हक्क होता.

"जाळं कशाचं आहे, बाबा?"

"नायलॉनचं."

"नायलॉनचं," ती म्हणाली. मग उठली आणि मागच्या अंगणाकडे जवळजवळ पळत गेली. मी तिच्यामागे पोचलो तेव्हा ती ओल्या जाळ्यात तोंड घालून उभी होती आणि हसत होती. गिरजाबाई हात पाण्यातच ठेवून तिच्याकडे पाहत होत्या.

"साहेब, पोरगी ठीक हाय ना?"

"आजी, आमच्या प्रयोगशाळेत फळीवर एक बरणी आहे," प्रज्ञा म्हणाली. "नायलॉनच्याच जातीची भुकटी. काढ्यातलं टॅनिन काढून टाकायला तीच वापरतात. लेबलात तसं काही नव्हतं म्हणून मी ती टाकलीच नाई. टॅनिन तिले चिकटून बसते. तुमचं जाळं तांबडं होते ते त्याच्याचमुळे. सगळा डिंक जाळ्यानं घेतला आणि खाली जे उरलं त्यात तुम्ही हात बुडवता!"

"मंग आता तुले हे मळकं पाणी पायजे?"

"हेच पायजे."

तिने नळीत ते पाणी घेतलं आणि जिलेटिनचे पाच थेंब टाकले. आम्ही तिघंही वाकलो होतो. पाणी किंचित धुरकट झालं, एवढंच. कालच्या दह्याचा मागमूस नव्हता.

आता ही बाटली भरून निघू, असं मला वाटलं. इथे माझ्या पोरीने जे केलं ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं आहे.

ती म्हणाली, "नाई. एका बाटलीनं आधी एकदा फसवलं आहे. पहिल्यापासून करू."

तिने चार बाटल्या ठरवल्या. पहिली, नुसता सालीचा काढा. दुसरी, तोच काढा, जाळं बुडवून काढल्यावर. तिसरी, साध्या उकळत्या पाण्यात तेवढंच जाळं, सालीशिवाय. कारण नायलॉनमधूनच काही सुटत असेल आणि तेच कोतवालाला थांबवत असेल तर? चौथी, गावच्या विहिरीचं नुसतं पाणी. म्हणजे जी गोष्ट खरी ठरावी म्हणून ती महिनाभर झोपली नव्हती, ती खोटी पाडायचे दोन रस्ते तिने स्वतःच्या हाताने उघडे ठेवले. सत्तावीस वर्षांत स्वतःहून खोटं वजन शोधायला निघालेली दोनच माणसं मी पाहिली, आणि त्या सकाळी त्या दोघी एकाच चुलीपाशी बसल्या होत्या.

तोवर शेजारच्या चार-पाच बाया जमल्या होत्या. विहिरीच्या पाण्याच्या बाटलीवर मी लेबल लावू लागलो तशी एक म्हणाली, "काऊन भाऊ, नागपुरात पाणी नाई काय?"

"हाय ना," दुसरी म्हणाली, "पण बिलाचं हाय. हे फुकटचं होय."

जाळं किती वेळ बुडवायचं, प्रज्ञाने विचारलं.

"रंग चढेपर्यंत," बाई म्हणाल्या.

"म्हणजे किती, आजी?"

"एक सूप पोपट सोलून होते तेवढा."

मी म्हणालो, सोला. बाईंनी दुसरं कोरं जाळं काढ्यात सोडलं आणि सूप भरून शेंगा घेतल्या. मी आधी शेंगा तोलल्या, नऊशे ग्रॅम, आणि घड्याळ लावलं. शेजारच्या बाईने मदतीला हात घातला तर मी तिला थांबवलं, "तुम्ही सोलल्या तर वेळ चुकेल." त्यावर जे हसं झालं ते मी लिहीत नाही. बावन्न मिनिटं लागली. जाळ्याचंही वजन घेतलं होतं, कोरडं असताना सहाशे चाळीस ग्रॅम. सर्व नोंदलं. त्या शेंगांची भाजी दुपारी खाल्ली. प्रज्ञाने भात तीनदा घेतला.

जेवताना तिने विचारलं, "तुमच्या सासूच्या काळी तर नायलॉन नव्हतं, आजी."

"सुताचं जाळं होतं. सासू बी असेच हात बुडवे. सूज उतरे, पण हात कसे चामड्यावानी होऊन जात. आता नाई होत." प्रज्ञाने ताटावरूनच डाव्या हाताने हे लिहून घेतलं.

संध्याकाळी ऊन असतानाच समितीची माणसं अंगणात बसली. देवरावने सरळ विचारलं, "मंग हे औषध झालं काय?"

"नाई, भाऊ," प्रज्ञा म्हणाली. "आज फक्त एवढं कळलं की तुमचं पाणी नि माहा काढा एक नव्हते. यात कोतवालाला धरणारं काही आहे का, ते तपासून कळेल. असलं तरी त्याचं औषध व्हायला कितीतरी वर्षं लागतात, आणि बहुतेक वेळा होतच नाई. कोणी हे पाणी पिऊ नका. जे हाताला लावता तेवढंच."

मला वाटलं माणसं नाराज होतील. देवराव म्हणाला, "सरळ सांगतलं, हे बरं केलं," आणि समितीच्या रजिस्टरमध्ये ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. वर तिची सही घेतली.

"तुमचं नाव मी प्रबंधात लिहिणार, आजी," प्रज्ञा म्हणाली.

"माहं एकलीचं नोको लिहू. सासूनं शिकवलं, तिले तिच्या सासूनं. लिही, या गावच्या ढिवर बाया." मग जरा थांबून, "खाली बारीक अक्षरात गिरजा लिहशील तं लिही."

परत

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तर चंद्रपूरच्या बर्फाचं पाणी झालेलं. आलापल्लीला त्या वेळी बर्फ मिळेना. शेवटी देवरावने मासे न्यायच्या खोक्यातला बर्फ पोतंभर आणून ओतला. लेबलं मी मेणकागदात बांधली. गाडीला आठवडाभर झिंग्यांचा वास येत होता, आणि या वेळी तो कोणापासून लपवायचं मला कारण नव्हतं. वरोऱ्याला घरी टेकून पुढे नागपूरला गेलो. प्रयोगशाळेच्या दारात पेटी उतरवताना तिथला एक मुलगा नाक दाबून म्हणाला, "काका, हे काय?" मी म्हणालो, "मासे धरायच्या जाळ्याचं पाणी. नीट धर."

निकाल तीन आठवड्यांनी आला. प्रज्ञाने फोन केला तेव्हा मी राजुऱ्याच्या बाजारात काटे तपासत होतो. पहिल्या बाटलीने कोतवाल आणि शेजारी दोघांनाही थांबवलं. तिसरीने आणि चौथीने कोणालाच नाही. दुसरीने कोतवालाचा हात धरला आणि शेजाऱ्याला सोडून दिलं. मॅडमनी विश्वास ठेवला नाही, हे मला बरं वाटलं. त्यांनी बाटल्यांचे नंबर झाकून दुसऱ्या मुलीकडून तेच पुन्हा करून घेतलं. तेच आलं. प्रकरण प्रबंधात राहिलं. कोतवालाला नक्की कोणता पदार्थ धरतो हे अजून शोधायचं आहे, आणि ते तिच्या पुढच्या कामात जाईल.

गिरजाबाईंना देवरावच्या फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, "मी तं आधीच सांगतलं असतं, पण कोणी विचारलंच नाई." हे खरं आहे. मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर पाहिलं होतं.

प्रज्ञाने प्रबंधाच्या त्या पानाचा फोटो पाठवला. कृतीमध्ये लिहिलं आहे: येनाची साल, पाणी, उकळी, आणि नंतर नायलॉनचं जाळं, बावन्न मिनिटं, या गावच्या ढिवर बायांच्या रीतीप्रमाणे. खाली बारीक अक्षरात गिरजाबाईंचं नाव. त्याखाली तिने लिहिलं आहे की पहिल्या नमुन्याच्या नोंदीत जाळ्याचा उल्लेख राहून गेला होता. कोणाकडून, ते लिहिलेलं नाही. मी तिला म्हणालो, माझं नाव टाक. ती म्हणाली, "बाबा, तुमची वही तुमच्याजवळ आहे."

आमच्या खात्यात चुकीची नोंद खोडायची परवानगी नसते. जुनी ओळ तशीच ठेवायची, खाली दुरुस्ती लिहायची, आजची तारीख टाकायची आणि सही करायची. मी मागच्या वर्षीची वही काढली. पाच ओळींखाली जागा होती. लिहिलं: सहावी ओळ. काढ्यात मासेमारीचे जाळे बुडवून काढल्यानंतर बाटली भरली. नोंद घेणाऱ्याने हे पाहिले होते.

तारीख टाकली आणि सही केली.